रिपोर्ट वेळेवर पोचू लागले

त्याच्याकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं, ते तो जागचा उठला नाही म्हणून.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक दवाखाना आहे. तिथे भिंतीला लागून प्लास्टिकच्या खुर्च्यांची लांब ओळ मांडलेली असते. दाराजवळचा पेशंट आत गेला की सगळी ओळ उठते आणि एकेक खुर्ची पुढे सरकते. असा नियम कुणी लिहून लावलेला नाही, पण तो मोडायची कुणाची छाती होत नाही. पिशव्या उचलायच्या, छत्र्या उचलायच्या, कण्हत उठायचं, दुसऱ्याची ऊब असलेल्या खुर्चीत बसायचं, आणि टेकतोय न टेकतोय तोच पुन्हा उठायचं. माझ्या थोरल्या जाऊबाई त्या दिवशी गुडघे दाखवायला आल्या होत्या. चार-पाच वेळा ऊठबस झाल्यावर त्या म्हणाल्या, "डॉक्टर नंतर बघणार, व्यायाम आधीच करून घेतात मेले."

ओळीच्या मधोमध पंचेचाळिशीचा एक गृहस्थ बसला होता. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर कॉम्प्युटरची चपटी पिशवी, चष्म्याची एक काडी चिकटपट्टीने जोडलेली. ओळ सरकली, हा सरकला नाही. त्याच्यापुढची खुर्ची मोकळी राहिली आणि मागच्या बाईंचा जीव वरखाली होऊ लागला.

"अहो, सरका की पुढे!"

"कशाला?" तो अगदी नम्रपणे म्हणाला. "मी यांच्यानंतर आहे हे मला माहीत आहे. तुम्ही माझ्यानंतर आहात हे तुम्हाला माहीत आहे. आत कोण गेलं एवढं लक्षात ठेवलं की झालं. कुणीच उठायची गरज नाही."

"आणि मोकळ्या खुर्चीत कुणी येऊन बसलं म्हणजे?"

"बसू दे की. बसल्याने त्याचा नंबर लागत नाही."

दोघंतिघं हसले. पण पुढच्या वेळी ओळ उठलीच, आणि नदीतल्या दगडाला वळसा घालावा तशी त्याला वळसा घालून पुढे गेली. जाऊबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "चांगला खुर्चीबहाद्दर आहे हा." हे नाव त्याला तिथेच चिकटलं, आमच्या घरात ते अजून चालू आहे.

मग एक गंमत झाली. तो बोलता बोलता गप्प झाला. काहीतरी विसरलेलं आठवावं तसा समोरच्या ओळीकडे पाहत राहिला, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटला, आणि त्याचा नंबर अगदी जवळ आलेला असताना पिशवी उचलून दवाखान्यातून चालता झाला. मागच्या बाई म्हणाल्या, "घ्या! आता उठला!"

आम्ही घरी आलो तर तोच आमच्या जिन्यावर, आमच्या पुढे. आमच्याच डोक्यावरच्या घरात तो राहत होता.

त्या इमारतीत आम्ही नुकत्याच राहायला आलो होतो. आम्ही दोघी जावा, दोघींचेही नवरे गेलेले, मुलं आपापल्या नोकऱ्यांच्या गावी. दोन स्वयंपाकघरं मांडण्यापेक्षा एक बरं, असा विचार करून एकत्र राहू लागलो. जुन्या पद्धतीची इमारत आहे, छत पातळ. वरच्या घरात चमचा पडला तर कुठल्या खोलीत पडला ते खाली सांगता येतं. शाळेत आयुष्य गेल्यामुळे मला पाठ फिरवूनही कोण काय करतंय ते ओळखायची सवय आहे. पण त्याच्या घराचे आवाज फार थोडे होते. पहाटे उजाडायच्या आधी नळ, मग खुर्ची ओढल्याचा आवाज, मग कीबोर्डची टकटक. संध्याकाळी एकदा भांडं घासल्याचा आवाज. एकच भांडं. कुणी आल्यागेल्याचं दार नाही, रेडिओ नाही, भांडण नाही.

मात्र रोज सकाळी, ऊन खिडकीत येण्याच्या सुमाराला, फोन वाजायचा. आणि मग त्याचा आवाज यायचा, बराच वेळ. शब्द कळत नसत, पण मधूनमधून हसू ऐकू यायचं. अगदी मोकळं, खालपर्यंत पोचणारं. दिवसभरात त्या घरातून माणसाचा आवाज यायचा तो तेवढाच.

"बायको असेल परगावी," मी म्हटलं.

"बायकोशी इतकं कोण हसतं?" जाऊबाई म्हणाल्या.

ओळख झाली ती त्याच्या टॉवेलमुळे. वाऱ्याने उडून तो आमच्या गॅलरीत पडला होता. तो मागायला आला, तर दारातच जाऊबाईंनी पकडलं. "या, खुर्चीबहाद्दर! बसा. एकदा बसलात की उठत नाही हे आम्हाला माहीत आहे."

तो आधी गोंधळला, मग ओळख पटून लाजला. चहा घेताना त्याने कप दोन्ही हातांत धरला होता आणि प्रत्येक प्रश्नाला, परीक्षेत विचारल्यासारखं, पूर्ण वाक्यात उत्तर देत होता. मी शिक्षिका होते हे कळल्यावर तो मला बाई म्हणू लागला. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला मी विचारलं, "तुला अरे-तुरे केलं तर चालेल का रे?"

"चालेल," तो म्हणाला. "आई गेल्यापासून कुणी केलेलं नाही."

त्या घरात तो आणि त्याची आई असे राहत. आई दोन वर्षांपूर्वी गेली. लग्न झालं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही आणि जाऊबाईंनी विचारलं तेव्हा त्याने "राहून गेलं" एवढंच उत्तर दिलं.

त्याचं काम असं होतं. गावोगावी रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅब असतात. त्यांचे रिपोर्ट दवाखान्यांकडे पोचवणारा एक प्रोग्राम होता, आणि तो त्याने तरुणपणी, नोकरीला लागल्या लागल्या लिहिला होता. आदल्या दिवसाचे सगळे रिपोर्ट एका ठिकाणी जमायचे, पहाटे तो प्रोग्राम त्यांचे गठ्ठे करायचा आणि एकेक गठ्ठा रवाना करायचा.

"गठ्ठे कशाला? एकेक पाठवला तर?" मी विचारलं.

"प्रत्येकासाठी दार वाजवा, ओळख सांगा, आत जा, पोच घ्या, बाहेर या. त्यात दिवस जाईल. गठ्ठा केला की दार एकदाच वाजवायचं."

तातडीचे रिपोर्ट वेगळ्या वाटेने लगेच जात, ते बरं होतं. पण बाकीचे सगळे दवाखाने उघडायच्या आत पोचायला हवेत, ते हल्ली पोचत नसत. लॅब वाढल्या, रिपोर्ट वाढले, आणि पहाटे संपणारं काम सकाळ सरत आली तरी रेंगाळायचं. पूर्वी सगळ्या लॅबवाले त्याला फोन करून ओरडायचे. मग त्यांनी नाद सोडला. एकाच लॅबमधून रोज फोन येत राहिला. लांबच्या कुठल्याशा छोट्या गावातली लॅब, तिच्या खिडकीवर बसणारी बाई. तिला तो लॅबवाल्या ताई म्हणायचा, ती त्याला दादा म्हणायची. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं.

ताईंच्या खिडकीवर माणसं रिपोर्टच्या छापील प्रतीसाठी उभी राहायची, आणि प्रोग्रामने पोच दिल्याशिवाय प्रत छापता येत नसे. म्हणून त्या फोन लावून धरायच्या. "कुठवर आलं, दादा?" हा पडद्यावरचा आकडा वाचून दाखवायचा. त्यांच्या गावाचा गठ्ठा निघेपर्यंत बोलणं चालू राहायचं.

"काय बोलता रे एवढं?" जाऊबाईंना राहवलं नाही.

"त्याच बोलतात. कालच म्हणाल्या, तुमचं यंत्र आहे की माझे सासरे? जिना चढताना प्रत्येक पायरीवर टेकतं." तो सांगता सांगताच हसू लागला. "त्यांच्या सासऱ्यांना जिना चढायचाच असतो, गच्चीत पोपट आहे. पोपट ताईंच्या आवाजात नवऱ्याला हाक मारतो आणि नवरा दर वेळी ओ देतो. त्यांच्या मुलीला गणित जात नाही. मी तिला फोनवरून अपूर्णांक शिकवले. पास झाली."

सासरे, पोपट, मुलगी, या सगळ्यांची त्याला घरच्यासारखी माहिती होती. मला वाटतं, आमच्या इमारतीतल्या एकाही माणसाबद्दल त्याला तेवढं ठाऊक नसावं.

एका रविवारी मी त्याला दवाखान्यातल्या त्या दिवसाबद्दल विचारलं. नंबर जवळ आलेला असताना तो उठून का गेला?

त्याने चहाचा कप बाजूला ठेवला आणि आमच्या टेबलावरच्या बरणीतली बिस्किटं काढून ओळीने मांडायला सुरुवात केली. जाऊबाई कपाळाला आठ्या घालून बिस्किटांकडे बघत राहिल्या.

"बाई, तुम्ही सहलीला मुलं नेताना काय करायचात? हाताला हात धरायला लावायचात ना? मी रिपोर्ट तसेच उभे केलेत. प्रत्येकाला फक्त त्याच्या पुढचा माहीत. आमच्यात याला लिंक्ड लिस्ट म्हणतात. पुढून एक काढून घेतला तर मागच्या कुणाला हलायला लागत नाही, हा तिचा गुण. कॉलेजात शिकवलं होतं, की नुसत्या ओळीने बसवले तर एक काढल्यावर बाकी सगळ्यांना सरकवावं लागतं. दवाखान्यातल्यासारखं. ते टाळायला मी हाताला हात दिले. मोठा शहाणा समजत होतो स्वतःला."

"मग बिघडलं कुठे?"

"मी प्रत्येक रिपोर्टला नंबराने हाक मारत होतो. आता साखळीतल्या मुलांच्या छातीवर नंबर नसतात. शेवटून तिसरं मूल हवं असेल तर पहिल्यापासून मोजत जायचं. त्याच्या पुढचं हवं, की परत पहिल्यापासून. मुलं थोडी होती तोवर कळलंही नाही. आता पहाटेपासून माझा प्रोग्राम नुसता पहिल्यापासून मोजत हिंडतो."

"आमच्या नातेवाइकांसारखंच की," जाऊबाई म्हणाल्या. "मला कुणाचा पत्ता माहीत नाही. मी हिला विचारणार, ही नणंदेला विचारणार, नणंद तिच्या दिराला."

"हो," तो म्हणाला. मग बिस्किटांकडे बघत, "आमच्याकडे तसंच होतं. मावश्या, मामा, सगळे आईच्या ओळखीचे. मला फक्त आई माहीत होती. ती गेली तेव्हा कळलं, पुढच्या कुणाचाच नंबर माझ्याकडे नाही. तिच्या फोनला कुलूप होतं, ते काही उघडलं नाही."

जाऊबाईंनी एक बिस्कीट उचलून त्याच्या हातात ठेवलं. तो ते खाऊ लागला.

"आणि त्या दिवशी?" मी विचारलं.

"त्या दिवशी मी त्या बाईंना म्हणालो, कुणीच उठायची गरज नाही. बोललो, आणि माझं मलाच ऐकू आलं. इतकी वर्षं मी दोनच गोष्टी धरून बसलो होतो. सगळ्यांना सरकवा, नाहीतर हाताला हात द्या. तिसरं सोपं होतं. उद्या किती येणार याचा अंदाज असतोच. तेवढ्या खुर्च्या आधीच मांडायच्या, नंबरवारी सगळ्यांना बसवायचं, आणि कुठवर आलो तिथे बोट ठेवायचं. गठ्ठा नेला की बोट पुढे. कुणी हलायचं नाही. सगळे गेले की खुर्च्या एकदम मोकळ्या, दुसऱ्या दिवशी त्याच वापरायच्या."

त्याचा चेहरा फुलला होता. वर्गात एखाद्या मुलाला उत्तर सापडल्यावर त्याचा होतो तसा.

"मग लिहून पाहिलास का?"

"त्याच आठवड्यात. आठवड्याभराच्या जुन्या रिपोर्टांवर चालवून पाहिलं. चहाला आधण येईपर्यंत सगळं संपतं."

"अरे वा! म्हणजे आता रिपोर्ट वेळेवर येत असतील."

त्याने एक बिस्कीट ओळीत सरळ केलं. आणि मला आठवलं, त्या सकाळीही वर फोन वाजला होता, आणि बराच वेळ हसणं चाललं होतं.

"अजून लावलं नाही ते," तो म्हणाला.

"का रे? काही राहिलंय?"

"नाही. तयार आहे." त्याने उरलेली बिस्किटं एकावर एक रचली आणि बरणीत परत ठेवली. झाकण नीट लागलं का ते पाहिलं. "बाई, मग फोन येणार नाही."

उपदेश करायचा माझा धंदाच होता, पण त्या दिवशी तो बाजूला ठेवला. मी फक्त विचारलं, "ऑफिसात माहीत आहे?"

"नाही. त्यांना वाटतं, प्रोग्राम जुना झालाय, असंच चालायचं."

तो गेल्यावर मला राहून राहून त्याचं नवल वाटत राहिलं. चुकीची गोष्ट होती ती, यात शंका नव्हती. गावोगावी माणसं खिडक्यांशी ताटकळत होती. पण त्याच्या जागी उभं राहून पाहायचा प्रयत्न केला, की त्या घरातला एकमेव आवाज आपल्या हाताने बंद करायचा, तर माझंही बोट पुढे होईना. जाऊबाई त्या वेळी स्वयंपाकघरात होत्या, त्यांनी शेवटचं बोलणं ऐकलं नव्हतं. मीही त्यांना सांगितलं नाही. यानंतर काही आठवडे तसेच गेले. सकाळी फोन वाजे, हसू ऐकू येई, आणि मला पूर्वीसारखं बरं वाटत नसे.

मग जाऊबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. मोतीबिंदूचं. डोळ्यांचे डॉक्टर आमच्या दवाखान्यात आठवड्यातून एकदा, सकाळीच येतात, आणि दुपारी दुसऱ्या गावी जातात. आदल्या दिवशी रक्त देऊन ठेवलं होतं. साखरेचा रिपोर्ट पाहिल्याशिवाय डॉक्टर डोळ्याला हात लावत नाहीत. जाऊबाईंनी केस धुतले, नवी साडी नेसल्या, काही खाल्लं नाही, आणि आम्ही जाऊन त्या खुर्च्यांवर बसलो. ओळ सरकत गेली. आमचा नंबर आला. काउंटरवरच्या मुलीने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"आजी, तुमचा रिपोर्ट अजून वरून आला नाही. तुमच्या मागच्यांना घेऊ का?"

मागच्यांना घेतलं. त्यांच्या मागच्यांनाही घेतलं. डॉक्टरांची जायची वेळ झाली तरी रिपोर्ट आला नव्हता. ते गेल्यावर, आम्ही पायऱ्या उतरत असताना ती मुलगी धावत आली. "आला, आजी! आत्ताच आला! साखर एकदम छान आहे!"

"तूच ठेव गं आता ती," जाऊबाई म्हणाल्या.

संध्याकाळी तो आला. बहुधा ऑपरेशन कसं झालं ते विचारायलाच आला होता, कारण हातात सफरचंदांची पिशवी होती. जाऊबाई नव्या साडीतच पाय वर घेऊन बसल्या होत्या.

"या, खुर्चीबहाद्दर," त्या म्हणाल्या. रागाने नाही, रोजच्यासारख्याच. "तुमचे रिपोर्ट आज सकाळी कुठे रमले होते हो? नटूनथटून गेले, उपाशी बसले, आणि डोळा होता तसा घेऊन परत आले."

तो उभाच राहिला.

"आले नाहीत?"

"आले ना. डॉक्टर गेले, मग आले. आता पुढच्या आठवड्यात. तोवर ही मला तांदळातले खडे निवडून देणार." त्या हसल्या. "अहो, पिशवी ठेवा की खाली. तुम्हाला नाही बोलत मी, तुमच्या त्या यंत्राला बोलतेय."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी नजर वळवली नाही, पण मान हलवून "सांगितलेलं नाही" एवढं कळवलं. मला त्या सकाळचं चांगलं आठवत होतं. आम्ही निघालो तेव्हा वर फोन चालू होता, जिना उतरताना त्याचं हसू आमच्या मागोमाग आलं होतं. हे त्यालाही आठवत असावं. त्याने पिशवी टेबलावर ठेवली, एक सफरचंद घरंगळत खाली गेलं ते वाकून उचललं, पुसून परत ठेवलं.

"चहा ठेवते," मी म्हटलं.

"नको बाई. एक काम आहे, ते करून टाकतो."

वर खुर्ची ओढल्याचा आवाज आला. थोडा वेळ कीबोर्ड वाजला. आमचं जेवण व्हायच्या आत सगळं शांत झालं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे नळ वाजला, खुर्ची वाजली. ऊन खिडकीत आलं. फोन वाजला नाही. मी स्वयंपाकघरात उगीच डबे पुसत उभी होते. ऊन गॅलरीच्या कठड्यावर गेलं, मग उतरलं. वर कुणी हललंही नाही.

"आज तुझ्या खुर्चीबहाद्दराची बायको रुसली वाटतं," जाऊबाई म्हणाल्या. मग माझं तोंड बघून त्यांनी विचारलं, आणि मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या हातातलं फडकं घेऊन एक डबा पुसला. मग म्हणाल्या, "मला आधी सांगितलं असतंस, तर मी आठवडाभर थांबले असते की गं. माझ्या डोळ्याला कुठे घाई होती?"

"बाकीच्यांच्या डोळ्यांचं काय?"

"तेही खरंच."

पुढच्या आठवड्यात रिपोर्ट आमच्या आधी दवाखान्यात पोचला होता. ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी बांधून जाऊबाई परत आल्या, तेव्हा तो जिन्यात उभा होता. त्यांना हात देऊन वर आणलं. ऑफिसातल्या साहेबांनी त्याला शाबासकी दिली होती, आणि हे इतकी वर्षं का सुचलं नाही, असंही विचारलं होतं. "सुचायला दवाखान्यात बसायला लागतं," असं त्याने उत्तर दिलं म्हणे. साहेबांना वाटलं, हा आजारी आहे.

"ताईंचा एकदाही नाही आला?" मी विचारलं.

"त्यांना कारण नाही ना. खिडकी उघडायच्या आधी सगळं छापून तयार असतं त्यांचं."

"मग तू कर."

"काय म्हणून करू?"

"अरे, कामाशिवायही फोन करता येतो माणसाला."

"कसा करतात?" त्याने विचारलं. थट्टा नव्हती ती. त्याला खरोखरच माहिती हवी होती.

मला पहिलीतल्या मुलांना पाटीवर अक्षर गिरवून द्यायची सवय. म्हटलं, "नंबर लावायचा. उचलला की म्हणायचं, सहज केला. मग मुलगी कशी आहे विचारायचं. पुढचं आपोआप येतं."

"सहज केला," त्याने म्हणून पाहिलं.

"एवढं गंभीर नाही," पट्टीच्या आडून जाऊबाई म्हणाल्या. "कुणी गेल्याचं कळवताय असं वाटतं. हसून म्हणा."

त्याने हसून म्हणून पाहिलं. दोन-तीनदा म्हटलं. आम्ही पास केलं.

फोन त्याने केला, ते मला दुसऱ्या दिवशी त्याच्याकडूनच कळलं. ताईंनी पहिल्या घंटीला उचलला आणि उचलता उचलताच ओरडल्या, "काय झालं दादा? बंद पडलं का?"

"नाही, नाही. सगळं ठीक आहे. सहज केला."

"सहज?"

"हो. मुलगी कशी आहे?"

"मजेत आहे हो... अगं बाई, दादा, थांबा हं. खिडकीशी माणूस आलाय."

त्यांनी फोन टेबलावर ठेवला, बंद केला नाही. खिडकीशी एक माणूस आला, मग दुसरा, मग तिसरा. लवकर रिपोर्ट मिळतात म्हणून आता माणसंही लवकर येत होती. त्याला सगळं ऐकू येत होतं. छापायच्या यंत्राची घरघर, स्टूल सरकल्याचा आवाज, ताई नावं पुकारत होत्या. कुणीतरी त्यांना म्हणालं, "हल्ली फार पटकन देता हो." त्यावर त्या म्हणाल्या, "मग! आमचे दादा आहेत ना तिकडे." पोपटाचा आवाज येतो का म्हणून तो कान देऊन ऐकत राहिला, पण पोपट घरी असतो, लॅबमध्ये नसतो, हे नंतर त्याच्या लक्षात आलं. पुष्कळ वेळाने फोन आपोआप बंद झाला.

"पुन्हा आला का त्यांचा?" मी विचारलं.

"नाही. विसरल्या असतील. गर्दी होती." मग त्याने चहा संपवला. "बाई, काम मात्र छान चाललंय तिथलं."

जाऊबाईंचा डोळा आता बरा आहे. पहिल्या दिवशी पट्टी निघाल्यावर त्यांनी त्याला खुर्चीत बसवून नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "अरे, हा तर अजून तरुण आहे. मला धुरकटातून उगीच म्हातारा दिसत होता." त्या दिवसापासून त्याही त्याला अरे म्हणतात. त्याच्या चष्म्याची काडी मी बदलून घ्यायला लावली. कंपनीने त्याला दुसऱ्या एका प्रोग्रामचं काम दिलं आहे. त्यासाठी कुणाचे फोन येत नाहीत.

पहाटे तो अजून पूर्वीच्याच वेळी उठतो. नळ वाजतो, खुर्ची वाजते. रविवारी तो आमच्याकडे जेवतो, बाकीचे दिवस एकटा जेवतो.